थंडीत कमी पडलेले किलोमीटर

माझी स्कूटर विजेवर चालते आणि माझे बाबाही जन्मभर विजेवरच चालले. फरक एवढाच, की त्यांच्या डोक्यावर तार होती आणि माझ्या सीटखाली बॅटरी आहे. या एका फरकापायी आमच्या घरात गेला हिवाळाभर जी रणं माजली, ती आठवली की मला अजून हसू येतं. शेवटचा भाग आठवला की मात्र येत नाही.

बाबा रेल्वेत इलेक्ट्रिक इंजिनाचे ड्रायव्हर होते. त्या पदाला आता नवं भारदस्त नाव आहे, पण आमच्या घरी ते ड्रायव्हरच. कोळशाने भरलेल्या लांबलचक मालगाड्या ओढताना वीज संपेल अशी शंका त्यांच्या मनाला कधी शिवली नाही. वर तार आहे, तारेत वीज आहे, विषय संपला. मी बॅटरीची स्कूटर घरी आणली तेव्हा त्यांनी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या, सीट उचलून पाहिली आणि विचारलं, "म्हंजे तू वीज डब्यात भरून नेऊन राहिली?"

"हव."

"अन् डबा रिकामा झाला मंग?"

"चार्ज करायचा, बाबा."

पोरगी शिकली पण वाया गेली, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते आत जाऊन पेपर वाचत बसले.

आम्ही तिघं रायपूरच्या शंकर नगरात राहतो. बाबांनी निवृत्तीच्या आधी बांधलेलं छोटं घर, आईच्या चार कुंड्या, आणि मी. मी लग्न केलं नाही. का, ते विचारू नका. आईनं विचारून विचारून शेवटी सोडून दिलं आहे. माझी सरकारी कचेरी पूर्वी घरापासून हाकेच्या अंतरावर होती, तोवर स्कूटर म्हणजे गंमत होती. आठवड्यातून दोनदा चार्ज केली तरी पुरायची. मग गेल्या पावसाळ्यात कचेरी नवा रायपुरात हलली आणि गंमत संपली. तिकडे रस्ते एवढे रुंद, की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही, आणि बस एवढ्या कमी, की जी येते ती माझ्या वेळेची नसते. कचेरीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये प्लग नाही. होता तो पहारेकऱ्यानं टेप लावून बंद केला. म्हणजे सकाळी घरून जे भरून न्यायचं, त्यातच जाणं आणि येणं बसवायचं.

पावसाळ्यात ते बसलं. दिवाळीपर्यंत बसलं. संध्याकाळी घरी पोचायचे तेव्हा गाडीत चांगली पंचवीस टक्के बॅटरी उरलेली असायची. मग थंडी आली. शहरात थंडी तशी बेताची, पण विमानतळाच्या पुढे उघड्यावर गेलं की हातमोज्यांतून बोटं आखडतात. गाडीचंही तेच झालं. पंचवीसचे पंधरा झाले, पंधराचे आठ. मला वाटलं बॅटरी मेली. सर्व्हिसवाल्याकडे धावले, तर तो म्हणाला, "मैडम, घबराइए मत, ठंड में सुस्त हो जाती है. गर्मी में सब वापस आ जाएगा." गर्मीपर्यंत मी काय करू, हे मात्र त्यानं सांगितलं नाही.

आणि डिसेंबरातल्या एका संध्याकाळी, शहराच्या अलीकडे बरंच अंतर असताना, गाडी आधी कासवाच्या चालीनं चालली आणि मग थांबली. मागे उजाड माळ, पुढे लग्नांच्या लॉनची रोषणाई, आणि मधे मी. बँड ऐकू येत होता. कुणाची तरी वरात मजेत नाचत होती आणि मी घामाघूम होऊन गाडी ढकलत होते. शेवटी खुर्च्या घेऊन जाणाऱ्या एका टेम्पोवाल्यानं मला आणि गाडीला खुर्च्यांवर चढवून घरी आणून सोडलं. आईनं दार उघडलं, खुर्च्यांमधून उतरणारी मी पाहिली, आणि पदर तोंडाला लावला. हसू लपवायला की रडू, ते मला कळलं नाही.

मी तापलेलीच होते. हातपाय धुवायच्या आधीच जाहीर केलं, "मी क्वार्टर घेणार आहे."

हे क्वार्टर प्रकरण महिनाभर घरात लोंबकळत होतं. कचेरीनं नवा रायपुरात एका खोलीची क्वार्टरं देऊ केली होती. हवं की नको ते संक्रांतीनंतरच्या सोमवारी सांगायचं होतं. एका खोलीत तिघं मावणार नव्हतो, आणि बाबांनी तर पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "तिथं माणूस पाहायले दुर्बीण लागते. आम्ही नाही येत." म्हणजे मी क्वार्टर घेतलं तर हे दोघं इथं, मी तिथं, आणि भेट रविवारी. मी पंचेचाळिशीची बाई, एकटं राहणं काही जगावेगळं नव्हतं. तरी तोवर मी ठाम असं काही बोलले नव्हते.

त्या दिवशी बोलले. बाबा उठले, पोर्चमध्ये गेले आणि स्कूटरला चार्जर लावून आले.

"थ्यायले तू जाऊ नये असं वाटते," आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "पण तोंडातून काढन तं शपथ."

रविवारी सकाळी बाबा कानटोपी, मफलर आणि रेल्वेच्या वेळचा जाड कोट घालून पोर्चमध्ये उभे. "चाल."

"कुठं?"

"रोड लर्निंगले. तू सेक्शन न शिकताच गाडी हाकून राहिली."

रेल्वेत ड्रायव्हरला नव्या मार्गावर एकदम गाडी देत नाहीत. आधी दुसऱ्याच्या इंजिनात बसून फेऱ्या मारायच्या, कुठे चढ, कुठे उतार, कुठला सिग्नल वळणाआड लपतो, सगळं डोळे मिटून सांगता आलं पाहिजे. बाबा माझ्या मागे बसले आणि आम्ही शंकर नगर ते नवा रायपूर हा सेक्शन शिकायला निघालो. तेलीबांध्याच्या सिग्नलला ते मागून ओरडले, "लाल!"

"दिसतंय, बाबा."

"दिसते तं बोल. इंजिनात दोघाईनं बोलावं लागते."

मग मीही "लाल" म्हटलं. शेजारच्या कारवाल्यानं काच खाली करून आम्हा दोघांना नीट पाहून घेतलं. "हिरवा!" बाबा गरजले. "हिरवा," मी पुटपुटले, आणि गाडी काढली. थंडीच्या दिवसांत आपले कान कानटोपीत झाकलेले असले की जगाला ऐकू येत नाही, असं काही माणसांना वाटतं.

पण हसता हसता मी कान देऊन ऐकायला लागले, कारण म्हातारा रस्ता वाचत होता. "इथं उतार हाये. तू उतारावरबी पिळून राहिली. कायले?" मला तिथं उतार आहे हेच माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं, की तारेतही मधेमधे एक तुकडा असा येतो, जिथं वीजच नसते. त्याच्या आधी पाटी असते. पाटी दिसली की वीज तोडायची, आणि गाडी आपल्या अंगच्या वेगानं पार निघून जाते. "अख्खी मालगाडी निघून जाते. तुयी स्कूटर नाही जाणार?"

परतताना त्यांना गोष्टी आठवत होत्या. ज्या स्टेशनात गाडी थांबायची नसते, तिथंही कुणीतरी हिरवी झेंडी घेऊन उभं असतं, पाऊस असो की थंडी. ड्रायव्हरनंही हात दाखवायचा. "म्हंजे तुयं ठीक, मायंबी ठीक. बस, एवढंच." मी हूं म्हटलं. माझं लक्ष बॅटरीच्या आकड्याकडे होतं.

पुढच्या आठवड्यात मी कचेरीतून येत असताना मला रस्त्याकडेच्या झाडांवर पिवळ्या पट्ट्या बांधलेल्या दिसल्या. उतार सुरू होतो तिथं एक, वळणाच्या बऱ्याच अलीकडे एक, शहराकडे वळतो त्या मोडावरच्या चहाच्या टपरीशेजारच्या कडुनिंबाला एक. घरी आल्यावर कळलं. बाबा दुपारी ऑटोनं जाऊन माझ्यासाठी पाट्या लावून आले होते. पट्टी दिसली की हात ढिला सोडायचा.

आईला वेगळंच कळलं. "मायी पिवळी साडी कुठं हाये?" तिनं कपाट उपसलं. बाबा पेपरमागे गेले. साडी जुनीच होती, पण तिच्या भावानं दिलेली होती, आणि पुढचे दोन दिवस आमच्या घरी भाजीत मीठ कमी होतं.

पट्ट्यांचा उपयोग झाला, हे मला कबूल करावंच लागेल. आठाचे दहा झाले. मी मात्र त्यांच्यासमोर कबूल केलं नाही, कारण आधीच ते छाती काढून फिरत होते. आणि त्या कडुनिंबाचं जे झालं ते कुणालाच अपेक्षित नव्हतं. आमच्याकडे झाडाला एक चिंधी दिसली की लोक नवस बोलतात. आठवड्याभरात त्या फांदीवर लाल पट्टी आली, मग कुणी चुनरी बांधली, एके दिवशी बुंध्याशी नारळ फुटलेला दिसला. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आईचा राग पहिल्यांदा फुटला, तोही हसण्यात. "बापा! मायी साडी तिथं नारळ खाऊन राहिली, अन् मले घरात कोणी चहा इचारत नाही."

चार्जिंगवरूनही जुंपली. बाबांचा नियम असा, की गाडी आदल्या संध्याकाळीच तयार हवी. यार्डात डबे जोडून, तपासून, सकाळची वाट पाहत उभी गाडी, ही त्यांची तयारीची कल्पना. म्हणून मी आल्याबरोबर चार्जर लागायचा, रात्री नऊला बॅटरी भरायची, आणि मग रात्रभर पोर्चमध्ये गारठत पडायची. एकदा संध्याकाळी आमच्या गल्लीतली वीज गेली ती उशिरा आली. चार्जिंग पहाटेवर ढकललं गेलं आणि मी निघाले तेव्हा बॅटरी नुकतीच भरून कोमट होती. त्या दिवशी घरी पोचताना पंधरा टक्के उरले होते. मला उलगडा झाला. गारठलेल्या माणसाला अंथरुणातून ओढून थेट पळायला लावायचं आणि वर म्हणायचं, दम काहून लागला!

"पट्ट्या," बाबा म्हणाले.

"पट्ट्या नाही. पहाटेचं चार्जिंग."

"पट्ट्या," बाबा पुन्हा म्हणाले. पण दुसऱ्या दिवसापासून पहाटे पोर्चमधला दिवा लागलेला दिसायला लागला. ड्युटीवर असताना त्यांना कुठल्याही वेळी उठवायला माणूस यायचा, तशी आता ते बॅटरीला उठवत होते. हे वाद मला आवडायला लागले होते. घरात इतकं बोलणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

क्वार्टरचा विषय मात्र कुणी काढत नव्हतं. मीही नाही. बाबा आजकाल संध्याकाळी घरी नसायचे, माझ्यानंतर अर्ध्या-पाऊण तासानं यायचे. विचारलं की म्हणायचे, "गार्डनमध्ये दोस्ताईसंग बसलो होतो." एवढ्या थंडीत कसले दोस्त, मला वाटलं. थोडं वाईटही वाटलं. मी घरी यायची वेळ टाळतात की काय, क्वार्टरवर बोलावं लागू नये म्हणून?

संक्रांत झाली. सोमवारी उत्तर द्यायचं होतं, आणि आदल्या शुक्रवारी सकाळी असं धुकं पडलं की पिवळ्या पट्ट्या काही दिसल्या नाहीत. गाडी आधीच जास्त खात होती. त्यात दुपारी कचेरीतली मैत्रीण म्हणाली, घ्यायचं की नाही ते नंतर ठरव, एकदा पाहून तर ये. आम्ही दोघी माझ्या स्कूटरवर क्वार्टर पाहायला गेलो. स्वच्छ होतं. भिंतींना नवा रंग होता, ओटा माझ्या उंचीचा होता, आणि कचेरी दहा मिनिटांवर. मी मनातल्या मनात पलंग कुठे ठेवायचा तेही ठरवून टाकलं. परत येऊन कामाला लागले. जाऊन-येऊन झालेले ते किलोमीटर कुठून येणार, याचा विचार मी केला नाही.

त्यांचा हिशेब संध्याकाळी लागला. मोड नुसता दिसायला लागला होता, तोच गाडी कासव झाली आणि थांबली. पुन्हा तीच ढकलगाडी. बोटं आखडलेली, नाक वाहतंय, आणि मनात एकच, की बस झालं, सोमवारी हो म्हणून टाकायचं.

समोरून रस्त्याच्या कडेकडेनं कुणीतरी टॉर्च घेऊन येत होतं. चालताना उजवा गुडघा जरा बाहेर फेकत. ती चाल मी लहानपणापासून ओळखते. मी जागीच उभी राहिले.

"टाइम होऊन गेला, गाडी काहून नाही आली म्हणून पाहायले निघालो," बाबा म्हणाले. जसं काही हे त्यांच्या रोजच्या पोर्चमध्येच चाललं होतं.

"तुम्ही इथं काय करताय?"

त्यांनी मागून गाडीला हात लावला, आणि आम्ही दोघांनी ती टपरीपर्यंत ढकलत नेली. टपरीवाल्यानं न सांगता आपला बल्ब काढून बोर्ड मोकळा करून दिला. टेम्पोच्या त्या दिवसापासून मी चार्जर सोबत ठेवत होते, तो आम्ही लावला. दोन कप चहा पुढे करत तो मला म्हणाला, "दीदी, अंकल तो रोज आते हैं. पेड़ के नीचे खड़े रहते हैं. आपकी गाड़ी निकलती है, हाथ दिखाते हैं, फिर ऑटो पकड़ते हैं. आप तो देखती ही नहीं."

रोज. मी टेम्पोतून खुर्च्यांसकट उतरले होते, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, कारण तेव्हापासूनच ते संध्याकाळी घरी नसायचे. मी रोज त्याच कडुनिंबाजवळ हात ढिला सोडून, आकड्यावर डोळे लावून, त्यांच्यासमोरून निघून जात होते. टपरीवर चार माणसं चहा पीत उभी असतात, त्यांतला एक कानटोपीवाला माझा बाप आहे, हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

बाबा वाकून मीटर पाहत होते. "आज पाच-सहा किलोमीटर जास्ती चालली. कुठं गेली होती?"

त्यांच्याशी खोटं बोलून उपयोग नव्हता. "क्वार्टर पाहायला."

"बरं हाये?"

"बरं आहे."

ते चहा पीत राहिले. मग म्हणाले, "सकाळचं ऊन येते का तिथं? थंडीत गाडी उन्हात उभी ठेवता आली पायजे, मंग चांगली चालते."

मी तोंड फिरवून रडले. टपरीवाला फार समजूतदार, तो उगाच भांडी घासायला लागला. मला हा माणूस आवडतो, असं मी कधी त्यांना सांगितलं नव्हतं, आमच्या घरी असं कुणी सांगत नाही. तेव्हाही सांगितलं नाही. भांडलेच. म्हटलं, या वयात, या गुडघ्यांनी, रोज थंडीत उभं राहायचं काही कारण होतं का? काही झालं असतं तर?

"उभं राहाले काय लागते," ते म्हणाले. "लोक नारळ फोडून राहिले, मी तं नुसता उभा."

गाडी घरापुरती भरायला तासभर लागला. परत येताना ते मागे बसले होते आणि सगळ्या सिग्नलला मी आधी ओरडत होते.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं, आणि तिला आश्चर्य वाटलं नाही, म्हणजे तिला ठाऊक होतं. मी म्हटलं, आई, मग मी क्वार्टर घेतेच, म्हणजे यांना रोज तिथं जाऊन उभं राहायला नको. मला खरंच तसं वाटत होतं. त्यांच्या गुडघ्यांपेक्षा माझा एकांत मोठा नव्हता.

आईनं भाकरी तव्यावर टाकली. "घे नं. घे तू क्वार्टर. थे तं तरीबी संध्याकाळी तिथं जाऊन उभेच राहतीन. फक्त गाडी येणार नाही."

सोमवारी मी कचेरीत नाही म्हणून सांगितलं. मैत्रिणीनं कारण विचारलं, तर म्हटलं, ऊन येत नाही.

त्या संध्याकाळी मोडावर आले तेव्हा फांदीवरच्या चिंध्यांखाली कानटोपी दिसली. टॉर्च वर गेला. मी हात पूर्ण उंच केला, इंजिनातून करतात तसा, आणि निघून गेले. थांबायचं नसतं तिथं.

घरी ते माझ्यामागून पाऊण तासानं आले, मफलर सोडला, आणि आईला म्हणाले, "पोट्टी शिकली आता सेक्शन."